उभ्या उसाचं वजन

"किती किलू भरलं वो मॅडम?"

प्रोब अजून हातातच असतो, बाईच्या पोटावरची जेली पुसायची राहिलेली असते, आणि दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंचा हा प्रश्न येतोच. मी सांगली जिल्ह्यात पलूसला सोनोग्राफी करते. एकोणीस वर्षं झाली. चहूबाजूंनी ऊस आणि वजनाच्या बाबतीत माणसं भलती जागरूक. कारखान्याचा काटा बरोबर आहे की नाही हे बघायला ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालून आणणारी ही माणसं. मी "दोन किलो दोनशे" असं म्हटलं की ते दोन किलो दोनशेच राहतं. बाळ झाल्यावर दोन किलो पाचशे भरलं, तर तीनशे ग्रॅमचा हिशेब मागायला घरातलं कुणीतरी येतं.

म्हणून अलीकडे मी आधीच सांगून टाकते. "आजी, हा काटा नव्हे. उभ्या उसाचा अंदाज आहे."

एवढ्यावर त्यांना सगळं कळतं. उभ्या उसात शिरून, जाडी बघून, कांड्या मोजून, सरीत किती ऊस आहेत ते धरून शेतकरी म्हणतो, "एकरी साठ टन पडंल." तोड झाल्यावर पंचावन्न निघतो, कधी पासष्ट निघतो. अंदाज सांगणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. माझंही तसंच. पोटातल्या बाळाला ताजव्यात घालता येत नाही. मी फक्त चार मापं घेते. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. ती मशीनमधल्या सूत्रात जातात आणि वजन बाहेर येतं. बहुतेक मशिनांत ज्यांचं सूत्र असतं ते फ्रँक हॅडलॉक अमेरिकेत ह्यूस्टनला काम करायचे. सूत्र १९८५ सालचं आहे आणि अजून मोडीत निघालेलं नाही. पण मापं कितीही काळजीपूर्वक घेतली, तरी अंदाज पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे मी अडीच किलो लिहिलं, तर बाळ एकवीसशे ग्रॅमचंही असू शकतं आणि एकोणतीसशेचंही. रिपोर्टवर मात्र छापून येतं '२,४८७ ग्रॅम'. तो शेवटचा सात बघून माझंच मला हसू येतं.

हे मशीन मुळात लोखंडातल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राचा वंशज. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. बॅबकॉक अँड विल्कॉक्स हे त्या कारखान्याचं नाव. पोलादातली भेग ज्या ध्वनिलहरींनी सापडते, त्याच लहरींनी मांसाची गाठ आणि पाण्याची गाठ वेगळी ओळखू येते का, हे त्यांना बघायचं होतं. आलं ओळखता. १९५८ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख छापून आला. बॉयलरवरून निघालेली विद्या साखर कारखान्यांच्या मुलखात चालवते आहे, याची मला उगाच गंमत वाटते. "किरणं लागतात का बाळाला?" असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. यात एक्स-रे नाही, फक्त आवाज आहे, आपल्या कानाला ऐकू न येणारा. शरीरात तो सेकंदाला १,५४० मीटर जातो असं धरलेलं असतं. गेलेला आवाज हाडावर, कातडीवर, पाण्याच्या कडेवर आपटून परत कधी आला, एवढंच मशीन मोजतं आणि त्यावरून किती खोल काय आहे ते पडद्यावर मांडतं.

चार मापांतलं पोटाचं माप सगळ्यांत महत्त्वाचं आणि तेच घ्यायला सगळ्यांत अवघड. डोक्याला कवटी असते, मांडीला हाड असतं. पोट मऊ. ते नेमक्या एका पातळीवर कापल्यासारखं दिसायला हवं. जठराचा काळा ठिपका दिसला पाहिजे, नाळेतून आलेली शीर यकृतात वळते ती जागा दिसली पाहिजे आणि पोट गोल दिसलं पाहिजे. प्रोब जरा तिरका झाला की गोलाचा अंडाकार होतो आणि बाळ मशीनमध्येच दोनशे ग्रॅमने वाढतं. त्यात बाळ पाठ करून झोपलेलं असेल तर झालंच. मग मी बाईला म्हणते, "जा, जरा चालून या, चहा पिऊन या." बाहेर पन्नास जण बसलेले असतात, त्यांना वाटतं हिला एवढा वेळ कशाला लागला, काहीतरी बिघाड असणार. बिघाड नसतो. घाईत घेतलेल्या पोटाच्या मापापेक्षा न घेतलेलं बरं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

सातव्या-आठव्या महिन्यातल्या या तपासणीला डॉक्टर चिठ्ठीवर 'ग्रोथ स्कॅन' असं लिहितात. ग्रोथ म्हणजे वाढ. पण एका सोनोग्राफीत दिसतं ते आकारमान. आज बाळ केवढं आहे एवढंच कळतं. ते वाढतंय का, हे एका दिवसात कुठल्याच मशीनला कळत नाही, मग ते वीस लाखांचं असो की साठ लाखांचं. वाढ कळायला आधीचं काहीतरी हातात लागतं, आणि नेमकं तेच माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांच्या पिशवीत नसतं.

२००९ मधली गोष्ट. एप्रिलचा पहिला आठवडा. पहिलटकरीण होती, सासर पिंपरी-चिंचवडला, बाळंतपणाला माहेरी आलेली. आधीचे कागद सासरच्या कपाटात. पाळीची तारीख विचारली तर म्हणाली, "नागपंचमीच्या दोन दिवस आधी." त्या हिशेबाने पस्तीस आठवडे झालेले होते. मापांची सरासरी आली बत्तीस आठवडे. मी तेव्हा नवीन होते आणि माझा मशीनवर विश्वास होता. पोरीला तारीख नीट आठवत नसेल असं धरलं. रिपोर्टमध्ये बत्तीस आठवडे लिहिलं आणि त्यावरून बाळंतपणाची तारीख दिली, १ जून.

त्या तारखेवर सगळं घर विसंबलं. तिला तपासणारे डॉक्टरही विसंबले, कारण कागदावर माझी सही होती. मेच्या मध्यावर तिला कळा आल्या. घरच्यांना वाटलं, पंधरा दिवस आधी होतंय, म्हणून लहान आहे. बाळ १,८५० ग्रॅमचं. तळहाताची, तळपायाची कातडी सुटलेली, सुरकुतलेली. बालरोगतज्ज्ञांनी बघताक्षणी सांगितलं, "हे दिवसांआधी झालेलं नाही. पूर्ण दिवसांचं आहे, उपाशी राहिलेलं आहे." अकरा दिवस ते काचेच्या पेटीत होतं. नंतर नवऱ्याने कपाटातून पहिला रिपोर्ट शोधून आणला. दुसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी होती. त्यातली तारीख आणि नागपंचमी यांच्यात एका दिवसाचाही फरक नव्हता.

तिची नागपंचमी बरोबर होती. माझी मापंही बरोबर होती. बाळ तीन आठवड्यांनी मागे पडलं होतं, एवढंच मला दिसत होतं आणि मी ते दिसलेलं पुसून टाकलं. तारीखच पुढे सरकवली, म्हणजे बाळ आपोआप वेळेवर आलं.

रिपोर्टमधले 'आठवडे' ही म्हणूनच फसवी गोष्ट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच मापाने वाढतात. तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली की दिवसांचा हिशेब पाच-सात दिवसांच्या फरकाने लागतो. शेवटच्या तीन महिन्यांत कुणी आईबापांच्या हाडापेराने मोठं असतं, कुणी लहान, कुणी उपाशी. तेव्हा मापांवरून दिवस काढायला गेलं तर तीन-तीन आठवड्यांची चूक होते. म्हणून तारीख एकदाच ठरवायची, पहिल्या सोनोग्राफीत. मग ती नवव्या महिन्यापर्यंत बदलायची नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये 'बत्तीस आठवडे' असं आलं, तर त्याचा अर्थ 'बत्तीस आठवड्यांच्या सरासरी बाळाएवढं' असा घ्यायचा. तुमचे दिवस बत्तीस आठवडे झाले, असा नाही. दर आठवड्याला कुणीतरी चिडून येतं, "मागल्या रिपोर्टात जूनची १० तारीख होती, आता १९ कशी काय? कोणती खरी?" पहिली खरी. दुसरी छापायलाच नको होती. माझ्याकडे मी ती ओळ छापणं बंद केलं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगलीच आहे. आईच्या हातचं खायला मिळतं, झोप मिळते. पण सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, पोरगी गाव बदलते, डॉक्टर बदलतो, सोनोग्राफीवाला बदलतो आणि नेमक्या ज्या महिन्यांत वाढ बघायची त्या महिन्यांत सगळे दुवे तुटतात. ओटीत नारळ असतो, खण असतो, फाइल नसते.

त्याहून अवघड गणित ऊसतोडीवरच्या बायकांचं. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, त्यामुळे दिवस गेलेले असले तरी घरी बसायची सोय नाही. एका जानेवारीत प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक बाई पाठवलेली आली. सिस्टरने टेप लावून पोटाची उंची मोजली होती, ती कमी वाटली होती. चोविसाव्या आठवड्यापासून पुढे साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर, असा सोपा हिशेब असतो. तीन सेंटिमीटरहून जास्त कमी भरलं की पाठवायचं. "आधीची सोनोग्राफी?" "कागद गावाकडं राह्यले की." नवऱ्याने धारूरला भावाला फोन लावला. भावाने पत्र्याच्या पेटीतून फाइल काढली आणि फोटो पाठवले. पाच आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट होता. या दिवसांत पोटाचा घेर आठवड्याला साधारण एक सेंटिमीटरने वाढतो. पाच आठवड्यांत पाचेक सेंटिमीटर वाढायला हवा होता, दोनच वाढला होता. नुसती माझी त्या दिवशीची मापं बघितली असती तर 'बाळ बारीक आहे, आई पण बारीक आहे' असं म्हणून सोडून दिलं असतं. मोबाइलवरच्या त्या अंधुक फोटोने काम केलं. तिला त्याच दिवशी मिरजेला पाठवलं.

दोन सोनोग्राफींमध्ये अंतरही हवं. निदान दोन आठवडे, शक्यतो तीन. आठ दिवसांत बाळ जेवढं वाढतं, तेवढी चूक माझ्या हातून माप घेतानाच होऊ शकते. "आठवड्यात काहीच वाढलं नाही" म्हणून रडत आलेल्या बायका मी बघितल्या आहेत. वाढलेलं असतं, दोन हातांच्या मापात हरवलेलं असतं.

रिपोर्टवर आणखी एक आकडा असतो, 'पर्सेंटाइल'. एक शिक्षक बाप रिपोर्ट घेऊन आला, चेहरा पडलेला. "मॅडम, शंभरपैकी आठच?" त्याला वाटलं बाळ नापास झालं. मी म्हटलं, "सर, तुमच्या शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावता ना? शंभर पोरांच्या रांगेत पुढून आठवा. एवढाच अर्थ." दहाव्याच्या पुढे जो उभा तो लहान, अशी डॉक्टरांची रीत. पण रांग लावली की पहिले दहा कुणीतरी असणारच. त्यातले बरेचसे धडधाकट असतात, घराणंच बुटकं असतं. डॉक्टरांना शोधायचा असतो तो वेगळा, जो तीन आठवड्यांपूर्वी चाळिसावा होता आणि आज बारावा आहे. तो अजून दहाच्या आत आलेलासुद्धा नाही. पण तोच मागे सरकतोय.

रांग कुणाची धरायची, यावर डॉक्टरांत वाद आहे. अमेरिकेतल्या बाळांच्या तक्त्यावर आपली बाळं का मोजायची, असं लोक विचारतात आणि ते रास्त आहे. २०१४ साली 'इंटरग्रोथ-२१' या अभ्यासाचे तक्ते आले, ते आठ ठिकाणच्या गरोदर बायकांवरून केलेले होते. त्यात ऑक्सफर्ड होतं, सिएटल होतं, मस्कत, नैरोबी होतं आणि आपलं नागपूर होतं. निरोगी, नीट खाऊनपिऊन असलेल्या आयाच त्यात घेतल्या होत्या. त्यातून दिसलं ते असं, की आईला सगळं मिळालं तर पोटातलं बाळ नागपुरात आणि ऑक्सफर्डमध्ये जवळजवळ सारखंच वाढतं. 'आपल्याकडची बाळं बारीकच' हे वाक्य मी तेव्हापासून जपून वापरते. दुसरीकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासगटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं मोजली. पूर्ण दिवसांच्या त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण खेड्यातल्या बाळांच्या अंगावर चरबी त्यामानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला बारीक, आतून चरबीचं. पुढच्या आयुष्यात मधुमेह का गाठतो, त्याचं एक मूळ तिथे आहे असं ते म्हणतात.

मला विचाराल तर तक्ता कुठला, यापेक्षा दोन्ही वेळा तोच तक्ता वापरला का, हे जास्त महत्त्वाचं. एकाच बाळाची तीच मापं एका तक्त्यावर दहाच्या खाली आणि दुसऱ्यावर दहाच्या वर येऊ शकतात. म्हणून मी तक्त्याचं नाव रिपोर्टवर लिहिते.

बाळ बारीक का राहतं, याची कारणं पुष्कळ. आईचा रक्तदाब चढलेला, अंगात रक्त कमी, जुळं. आणि आमच्याकडे मिश्री. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बाई मान हलवते, नाही. "मिश्री लावता?" "ती आपली सकाळी दातांना." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. तीन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅमचं काही नाही. दोन किलोच्या बाळाला आहे. आणखी एक जुनं खूळ अजून गेलेलं नाही. "फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडेल." उपाशी बाळ सुखरूप बाहेर येतं हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे.

आता वार. बारीक बाळ निरोगी-बारीक आहे की उपाशी-बारीक, हे वजनाने कळत नाही, ते रक्ताच्या प्रवाहावरून कळतं. त्याला डॉपलर म्हणतात. मशीन तेच, फक्त वाहतं रक्त ऐकायचं.

आमच्याकडे ताकारी योजनेचं पाणी येतं, त्यामुळे सांगायला सोपं पडतं. रान भुसभुशीत असेल तर पाणी सोडलं की जिरत जातं. बाळाचं हृदय ठोक्यासरशी नाळेतून वारेकडे रक्त ढकलतं. वार चांगली असेल तर ती भुसभुशीत रानासारखी असते. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त पुढे जात राहतं. पडद्यावर डोंगरांची रांग दिसते आणि मधल्या दऱ्या जमिनीला टेकत नाहीत. वार खराब व्हायला लागली की रान आवळतं. दऱ्या खोल होतात. पुढे एक दिवस दरी जमिनीला टेकते, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त थांबलं. त्याही पुढे ती जमिनीखाली जाते. पाणी जिरायचं सोडून उलटं फिरलं. तिथपर्यंत आलेल्या बाळाला पोटात ठेवायचं की बाहेर काढायचं, हा निर्णय मग दिवसांचा नसतो, तासांचा असतो.

बाळ गप्प बसून हे सोसत नाही. दुष्काळात घरचा कर्ता आधी प्यायचं पाणी राखतो, मग गुरांचं, मग बागेचं बघतो. बाळही रक्त आधी मेंदूकडे वळवतं. यकृतातला साखरेचा साठा वापरायला काढतं, म्हणून यकृत लहान राहतं आणि पोटाचा घेर घटतो. डोकं मात्र वाढत असतं. मूत्रपिंडांकडे रक्त कमी जातं, म्हणून लघवी कमी होते. शेवटच्या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच, तेव्हा पाणीही कमी होतं. रिपोर्टवर 'पोटाचा घेर', 'पाणी' आणि 'डॉपलर' अशा तीन वेगळ्या ओळी असतात. घडत असतं ते एकच. नुसतं पाणी कमी आहे हे ऐकून घरची माणसं रोज चार शहाळी पाजायला लागतात. पाजा, बिघडत काही नाही, पाणी थोडं वाढतंही. पण पाणी का कमी झालं, ते शहाळं सांगत नाही.

नाळेचा वेढा, वारेची 'ग्रेड थ्री', बाळ पायाळू, या शब्दांनी जेवढी झोप उडते तेवढी डॉपलर बिघडल्याने उडत नाही, कारण तो शब्द कुणाला कळतच नाही. मानेभोवती नाळेचा वेढा कितीतरी बाळांना असतो आणि जन्मताना डॉक्टर तो सहज सोडवतात.

मग प्रत्येकीने दर महिन्याला ही तपासणी करावी का? नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी लिहिते. नेदरलँड्समध्ये धोका नसलेल्या १३,०४६ बायकांचा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला. सरसकट सोनोग्राफी केलेल्या गटात लहान बाळं जास्त ओळखली गेली, पण बाळांचे गंभीर त्रास कमी झाले नाहीत. तिथल्या दाई शिकलेल्या, दवाखाने हाताशी. इथे एक सोनोग्राफी तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात झालेली बरी, असं माझं मत. रक्तदाब, साखर, आधीचं बारीक बाळ, पोटाची उंची कमी, असं काही असेल तर तीन आठवड्यांनी दुसरी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. बाकीच्यांनी उगाच पैसे घालवू नयेत.

आणि रिपोर्ट चांगला आला, तरी तो त्या दिवसापुरता. "परवाच तर सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल होतं," म्हणून बाळाचं हलणं कमी झालेलं दोन दिवस अंगावर काढणाऱ्या बाया येतात. बाळ हलेनासं झालं तर परवाच्या कागदाकडे बघायचं नाही. रात्र असली तरी निघायचं.

पडदा तुमच्याकडे का वळवत नाही, एफ फॉर्म का भरून घेतो, ओळखपत्र का मागतो, यावर रोज कुरकुर होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. हे कायदे का करावे लागले, ते आमच्या भागाला कुणी सांगायची गरज नाही. सही करा आणि झोपा, पोट उघडं करा, जेली गार लागेल. उताणं झोपून चक्कर आली तर लगेच सांगा, डाव्या कुशीवर वळवते.

येताना मात्र एक करा. पहिला रिपोर्ट आणा, दुसऱ्या महिन्यातला, कितीही चुरगळलेला असला तरी. माहेरी जाताना तो पिशवीत सगळ्यांत आधी घाला. मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला, आईला, आशाताईंना पाठवून ठेवा. आणि सोनोग्राफीचे ते काळे-पांढरे गुळगुळीत फोटो जपायचे म्हणून लॅमिनेशन करून आणू नका. तो कागद उष्णतेने छापतात. लॅमिनेशनच्या मशीनमधून निघेपर्यंत तो सगळा काळा झालेला असतो.